आगीकडे पाठ

आगीचा बंब घंटा वाजवीत रस्त्याने धावू लागला, म्हणजे लहानथोर सारेच जागच्या जागी थबकतात. बंब आगीजवळ पोचतो, जवान खाली उड्या टाकतात, शिडी उभी राहते, जाड कापडी नळ्या भराभर उलगडल्या जातात आणि पाण्याचा शुभ्र फवारा ज्वालांवर झेपावतो. पाहणाऱ्यांचे डोळे शिडीवरच्या जवानांवर खिळून राहतात. अशा वेळी बंबाच्या मागच्या बाजूस एक मनुष्य निराळ्याच उद्योगात गढलेला असतो. तो आगीकडे पाहत नाही. पुष्कळदा तर त्याची पाठच आगीकडे असते. त्याची दृष्टी दोन वाटोळ्या तबकड्यांवर असते आणि हात इंजिनाचा वेग कमीजास्त करणाऱ्या दांड्यावर असतो. हा बंबाचा पंपचालक होय.

पाठ दाखविणे हे मराठीत पळपुटेपणाचे लक्षण मानतात. पंपचालकाचे आगीकडे पाठ करणे हे मात्र त्याचे कर्तव्यच असते.

त्याच्या समोरच्या दोन तबकड्यांपैकी डावी पंपात येणाऱ्या पाण्याची हकिकत सांगते आणि उजवी बाहेर जाणाऱ्या पाण्याची. जत्रेतील कागदी पिपाणी फुंकली, की तिची गुंडाळी उलगडते. अशा तबकडीच्या पोटातही धातूची एक चपटी, वाकडी नळी असते. पाण्याचा दाब वाढला, की ती किंचित सरळ होऊ लागते आणि काटा पुढे सरकतो. बूर्दाँ नावाच्या फ्रेंच कारागिराने १८४९ साली ही युक्ती योजिली.

पंप पाणी ओढून घेतो असे सर्वांना वाटते. पण ते तितकेसे खरे नाही. पंप व त्याला जोडलेला पाईप यांतील हवा आधी काढून टाकली जाते. तळ्याच्या पृष्ठभागावर बाहेरच्या हवेचा भार असतोच; तो भार पाण्याला पाईपमध्ये वर ढकलतो. हवा जसजशी निघून जाते, तसतसा डाव्या तबकडीचा काटा शून्याच्या डावीकडे जातो. हवेच्या या बळालाही मर्यादा आहे. पाईप अगदी निर्वात केला, तरी पाणी सुमारे १० मीटरपेक्षा अधिक वर चढत नाही. प्रत्यक्ष कामात तर सात-आठ मीटर म्हणजे पुष्कळ झाले. इंजिन कितीही बलवान असो, ही मर्यादा त्याला ओलांडता येत नाही.

या दोन काट्यांवर काय अवलंबून असते, हे एका प्रसंगावरून ध्यानी येईल. एका गावी कापसाच्या वखारीला आग लागली होती. बंब तळ्याच्या काठी उभा होता. दोन जवान शिडीवर चढून फवारा मारीत होते. पंपावर एक वयस्क चालक होता आणि त्याच्या शेजारी नव्यानेच दलात आलेला एक तरुण. तळ्याचे पाणी सुरू होताच चालकाने पहिले काम केले ते हे, की बंबाची रिकामी झालेली टाकी पुन्हा भरून घेतली. तळे एवढे भरलेले असता टाकी कशासाठी भरावयाची, हे त्या तरुणास उमगले नाही.

अर्धा तास लोटला. उजव्या तबकडीचा काटा पाचाच्या आकड्यावर स्थिर होता. एकाएकी तो थरथरला आणि चारावर उतरला. पंपातून खडे खळखळल्यासारखा आवाज येऊ लागला. तिकडे वखारीचे छप्पर कडाडले आणि लोक ओरडले, "पाणी वाढवा! पाणी वाढवा!" तरुणाचा हात झटकन दांड्याकडे गेला.

"काका, दाब उतरला! वेग वाढवतो!"

चालकाने त्याचे मनगट धरले. "थांब. आधी डावा काटा बघ."

"तो तर फारच डावीकडे गेलाय."

"मग तळ्यातलं पाणी आत येतच नाही, बाळ. पाईपच्या तोंडाशी पाला अडकला असेल. पाणीच नसताना इंजिन पळवलंस, तर आहे ती धारही तुटेल. शिडीवर दोन माणसं उभी आहेत."

असे म्हणून त्याने वेग थोडा कमी केला आणि टाकीची झडप अगदी हळूहळू उघडली. ती एकदम उघडली असती, तर दाब उसळून फवाऱ्याच्या हिसक्याने शिडीवरच्या जवानाचा तोल गेला असता. टाकीतील पाणी काही मिनिटेच पुरणारे होते. तेवढ्यात एक जवान कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि पाईपच्या तोंडाशी असलेल्या जाळीवरचा पाला त्याने हातांनी ओरबाडून काढला. डावा काटा शून्याकडे परतला, खळखळ थांबली, आणि उजवा काटा पुन्हा पाचावर आला. टाकी आता कशासाठी भरली होती, हे त्या तरुणास विचारावे लागले नाही.

पहाटे आग विझली. गावकऱ्यांनी शिडीवरून उतरलेल्या जवानांच्या पाठी थोपटल्या, आणि ते योग्यच होते. पंपाकडे कोणी फिरकले नाही. म्हातारा चालक तबकड्यांच्या काचा फडक्याने पुसत होता. मध्यंतरी धार क्षणभर मंदावली होती, एवढेच त्या दोघा जवानांना ठाऊक होते. आपले प्राण त्या घटकेला कोणाच्या हातात होते, हे त्यांना कळलेही नाही.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याने भरलेल्या जहाजास आग लागून भीषण स्फोट झाले. ती आग विझविताना अग्निशामक दलाच्या ६६ जणांनी प्राण वेचले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी तो दिवस देशभर पाळला जातो. त्या निमित्ताने बंब जवळून पाहावयास मिळाला, म्हणजे मुले शिडीकडे आणि घंटेकडे धाव घेतात. त्यांनी क्षणभर बंबाच्या मागेही जावे. तेथे दोन लहान तबकड्या दिसतील. आग भडकली असता, लोक ओरडत असता, जो मनुष्य या काट्यांवरची नजर ढळू देत नाही, त्याच्याच भरवशावर दुसरे कोणी ज्वालांच्या तोंडाशी उभे राहू शकते.