काकेशसच्या डोंगरातले जेवण

आमच्या साडूंची मुलगी जॉर्जिया देशातील तिबिलिसी या राजधानीच्या शहरी डॉक्टरकीचे शिक्षण घेत आहे. आपल्याकडची हजारो मुले-मुली आज तेथे शिकत आहेत, त्यांत आपल्या समाजातलीही आहेत. तिच्या आग्रहावरून व चार वर्षे रिकरिंगमध्ये टाकलेल्या रकमेच्या भरवशावर आम्ही उभयतांनी तेथे जाण्याचे धाडस केले. देश लहान आहे. 1991 पर्यंत सोव्हिएत संघात होता. लिपी त्यांची स्वतःची, गोलगोल वेटोळ्यांची. भाषेची गंमत अशी की तेथे ‘मामा’ म्हणजे वडील! आईला ‘देदा’ म्हणतात, बहिणीला ‘दा’, आणि दोन्ही मिळून ‘देईदा’ म्हणजे मावशी. हा एक शब्द आम्हाला पुढे फार उपयोगी पडला.

शहरातील चर्च, किल्ले यांची वर्णने इतरत्र पुष्कळ वाचावयास मिळतात. आम्ही येथे लिहिणार आहोत ते डोंगरातल्या जेवणाविषयी. कारण ते गरिबांचे जेवण आहे.

तिबिलिसीच्या दिदुबे स्थानकावरून ‘मार्शुत्का’ नावाच्या लहान गाड्या सुटतात. आपल्या वडापचीच बहीण म्हणा. भरल्याशिवाय हलत नाही. उत्तरेकडे रशियाच्या हद्दीपर्यंत जाणारा जुना लष्करी रस्ता आहे, त्याने आम्ही निघालो. वाटेत पासानाउरी नावाचे गाव लागते. तेथे काळी अराग्वी व पांढरी अराग्वी या दोन नद्या मिळतात आणि काही अंतर दोन रंगांचे पाणी शेजारी शेजारी वाहताना दिसते. सर्व गाड्या येथे थांबतात, परंतु नद्यांसाठी कमी आणि ‘खिंकाली’साठी जास्त.

खिंकाली ही याच डोंगरातल्या लोकांची. कणकेच्या पारीत खिमा, कांदा, मीठ, थोडी मिरची व पाणी घालून वरून वीसेक पाऱ्या घेऊन तोंड बंद करतात आणि उकळत्या पाण्यात सोडतात. आकार थेट उकडीच्या मोदकाचा, पण मुठीएवढा. आत रस्सा तयार होतो. शेंडी धरून उलटी करायची, लहानसा चावा घ्यायचा, आधी रस्सा ओढून घ्यायचा व मग बाकीचे खायचे. काटा-चमचा लावला की रस्सा ताटात सांडलाच. पहिली खिंकाली आमच्या शर्टावर सांडली हे येथे प्रामाणिकपणे नमूद करतो. शेंडीची कणीक जाड असते म्हणून ती खात नाहीत. ताटात ठेवतात व शेवटी मोजतात. आम्हा कारकुनांना ही पद्धत फारच पसंत पडली. प्रत्येक घासाचे व्हाउचर समोर! आमच्या ताटात सात शेंड्या निघाल्या, पत्नीच्या ताटात पाच. शहरात खिम्यात कोथिंबीर वगैरे घालतात. डोंगरात तसे नाही, मांसाची चव मांसालाच ठेवतात.

पुढे सुमारे 2400 मीटर उंचीची ज्वारी खिंड ओलांडली की स्तेपानत्समिंदा हे गाव येते. नावाने आपल्या ज्वारीची आठवण झाली, परंतु त्यांच्या भाषेत ‘ज्वारी’ म्हणजे क्रूस. समोर काझबेक हे पाच हजार मीटरपेक्षा उंच बर्फाचे शिखर. येथे बटाटा व चीज भरलेली ‘खाबिझगिना’ ही पोळी मिळते. थंडी अशी की ती पोळी हातात धरूनच आम्ही निम्मे पोट भरले.

परंतु खरे जेवण आम्ही जेवलो ते स्वानेती प्रांतात. हा प्रांत देशाच्या वायव्येला आहे. त्यासाठी तिबिलिसीला परत येऊन रेल्वेने झुगदिदीला, व तेथून मार्शुत्काने वळणावळणाच्या रस्त्याने मेस्तिया या गावी जावे लागते. घराघराला जुने दगडी बुरूज आहेत. 1996 साली युनेस्कोने या भागाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. 1990 च्या दशकात येथे लुटमारीमुळे परका माणूस यायला घाबरत असे. आता घरोघरी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आहेत. जेवण हवे असेल तर हॉटेल सोडून अशाच घरात उतरावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. नफा सरळ घरच्या बाईच्या हाती जातो आणि चुलीजवळ उभे राहून पाहता येते.

आमच्या घरमालकीण साठीच्या होत्या. आमच्या मुलीने त्यांना ‘देईदा’ म्हटले, मग आम्हीही म्हणू लागलो. पहिल्या संध्याकाळी त्यांनी ‘कुबदारी’ केली. यात खिमा चालत नाही, मांस सुरीने बारीक चिरावे लागते. त्यात कांदा व स्वानी मीठ घालून, कणकेत भरून, मोठ्या पोळीसारखे थापून भाजतात. हे स्वानी मीठ म्हणजे लसूण, धने, मिरची, एक प्रकारची मेथी, रानातले जिऱ्यासारखे दाणे आणि झेंडूच्या सुक्या पाकळ्या मिठाबरोबर कुटलेले असतात. झेंडू खाण्यात! पत्नीने बोटावर घेऊन चाखले आणि म्हणाली, “हा तर आपला लसणाचा ठेचाच, फक्त कोरडा.” सोबत ‘ताश्मिजाबी’ होती, उकडलेला बटाटा व चीज घोटून केलेली, चमचा वर नेला की दोर ओढत येते. आणि मक्याच्या पिठात चीज घालून केलेली ‘च्विश्तारी’. ज्यांचे बालपण मिलोच्या भाकरीवर गेले त्यांना हे सांगण्याची गरज नाही की पीठ, मीठ आणि घरचे दूधदुभते यावर हिवाळा काढणाऱ्या माणसांचेच हे अन्न आहे.

जेवताना पुरुष मंडळी वाइनचे पेले उचलून एकेकासाठी शुभेच्छा देतात. पंचशील आम्ही घेतलेले असल्याने नम्रपणे नकार दिला. कोणी आग्रह केला नाही. आमच्या पेल्यात पेअर फळाचे सरबत आले व त्यानेच आम्हाला सगळ्यांत सामील करून घेतले. एक गोष्ट मात्र खटकली. शुभेच्छा पुरुषांच्या आणि देईदा चुलीशी उभ्या. शेवटी पत्नीनेच त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसविले.

मुलीने सांगितले की या कुबदारीची 2015 साली देशाच्या सांस्कृतिक वारशात नोंद झाली आहे. डोंगरातल्या गुराख्यांचे खाणे, आणि त्याला सरकारी मान! आम्ही क्षणभर गप्प झालो. नोकरीच्या पहिल्या वर्षी ऑफिसात आमच्या डब्यात वजडी होती. शेजारच्याने “काय आणलंय?” विचारले आणि आम्ही “बटाटा” म्हणून डबा मिटला. त्या दिवशी उपाशी राहिलो. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, हे बाबासाहेबांनी 1927 साली महाडला सांगितले व आमच्या आजोबांनी ते पाळले. परंतु बाजारातून रोख पैसे मोजून आणलेली वजडी लपवा, असे बाबासाहेबांनी सांगितले नव्हते. ते आम्ही आमच्याच मनाने केले. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तकही 2015 सालचेच. त्यात आपल्या घरांतले हे पदार्थ नावानिशी लिहिले आहेत. ते आमच्या हाती उशिरा आले.

जाणाऱ्यांसाठी थोडे. जून ते सप्टेंबर हा काळ चांगला, हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद पडतात. मेस्तियाहून उश्गुली हे सुमारे 2100 मीटर उंचीवरचे गाव अवश्य करावे. ईशान्येकडील तुशेती प्रांताचा रस्ता फक्त उन्हाळ्यात उघडतो. तेथे मेंढीच्या कातड्याच्या पिशवीत मुरवलेले ‘गुदा’ चीज व तुपातली ‘कोतोरी’ पोळी मिळते. तुशेतीत डुकराचे मांस मात्र वर्ज्य, सोबतही नेऊ नये. पौर्णिमेला मांसाहार टाळणाऱ्यांनी ‘सामार्ख्वो’ हा शब्द पाठ करावा. ते त्यांचे उपवासाचे जेवण. त्यात मांस, दूध, अंडी काही नसते.

शेवटच्या रात्री देईदांनी विचारले, तुमच्या घरी काय करतात? पत्नी आमच्याकडे पाहू लागली. आम्ही म्हटले, सांग. तिने वजडी सांगितली. मुलीला प्रथम शब्द सापडेना, तिने पोटावर हात फिरवून दाखविले. देईदा मोठ्याने हसल्या व म्हणाल्या, अहो, ही तर ‘खाशी’! आतडी व पाय रात्रभर शिजवून, लसूण घालून पहाटे पितात. तिबिलिसीच्या हॉटेलांतही मिळते. मग त्यांनी वही आणली. पत्नी सांगत होती, चुन्याच्या पाण्याने कशी धुवायची, किती शिट्ट्या द्यायच्या. काळ्या मसाल्यापाशी येऊन मुलगी अडली आणि म्हणाली, “मावशी, जरा थांब, एकेक जिन्नस सांग.” देईदा पेन्सिल धरून वाट पाहत होत्या.