अठराशेचा हिशेब

“एकशे पन्नास गुणिले बारा, झाले अठराशे. मशीन साठ वॅटचं. भागा. तीस तास! दोन रात्री आरामात निघतील, मॅडम.”

टेम्पो ट्रॅव्हलरची मोटरहोम करून देणाऱ्या गृहस्थांनी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हा हिशेब करून दाखवला होता. तो आठवला की आजही माझं डोकं भणभणतं. फ्रिजचं काय, असं मी विचारलं होतं. “तो काय, चालू-बंद होत असतो,” एवढंच उत्तर मिळालं.

आईला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, रात्रभर सीपॅप मशीन लागतं. हॉटेलात जिने चढायला नकोत आणि मशीनही चालावं, म्हणूनच तर हा सगळा घाट घातला होता. डिसेंबरात भंडारदऱ्याला गेलो. जलाशयाच्या काठी थंडी चांगलीच होती. पहाटे तीनच्या सुमारास इन्व्हर्टर किंचाळायला लागला आणि मी उठेपर्यंत बंदही पडला. आईनं मास्क ओढून काढला होता आणि ती उशीला हात टेकून, तोंड उघडं ठेवून बसली होती. उजाडेपर्यंत गाडीचं इंजिन चालू ठेवून मशीन चालवलं. शेजारच्या तंबूतल्या लोकांची झोपमोड झाली, पण कुणी चकार शब्द काढला नाही.

सकाळी त्या गृहस्थांना फोन केला. “तुम्ही जास्तीचा लोड लावला असणार. जरा साहेबांना देता का फोन?”

मी दिला नाही. गाडी माझी, पैसे माझे, आई माझी. आणि जास्तीचा लोड म्हणजे कोणता? फ्रिज त्यांनीच बसवलेला. रात्रीचा भात सातशे वॅटच्या कुकरवर अर्ध्या तासात झाला. त्या कुकरसाठीचा प्लगही त्यांनीच काढून दिलेला.

त्यानंतर मी या हिशेबाच्या मागेच लागले. बॅटरीवर १५० एएच छापलेलं असतं आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात सी-२०. म्हणजे हे १५० अँपिअर-अवर वीस तासांत, साडेसात अँपिअरच्या संथ गतीनं काढले तरच मिळतात. जोरात ओढले की कमी मिळतात. प्यूकर्ट नावाच्या जर्मन माणसानं हे १८९७ मध्येच मांडून ठेवलंय, म्हणजे नवं काहीच नाही. थंडीत आणखी घट. त्यात लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर निम्म्याच्या खाली उतरवायची नाही. अठराशेचे तिथेच नऊशे झाले.

आता खर्चाची बाजू. बारा व्होल्टवर ढोबळ हिशेब सोपा आहे: उपकरणाचे वॅट भागिले दहा, तेवढे अँपिअर बॅटरीतून जातात, इन्व्हर्टरमधली गळती त्यात धरलेली असते. कुकरनं अर्ध्या तासात पस्तीस अँपिअर-अवर खाल्ले. फ्रिज सरासरी चाळीस वॅट धरला तर दुपारी तीनपासून पहाटे तीनपर्यंत अठ्ठेचाळीस. मशीनला ह्युमिडिफायरसकट पन्नास वॅट धरले तर पाच तासांत पंचवीस. आणि ज्याबद्दल अवाक्षर काढलं गेलं नव्हतं ते म्हणजे खुद्द इन्व्हर्टर. काहीही जोडलेलं नसलं तरी आमचा इन्व्हर्टर नुसता चालू राहायला दीड अँपिअर घेतो. बारा तासांचे अठरा. बेरीज १२६ अँपिअर-अवर. वर, पुण्याहून येताना चार-पाच तासांत अल्टरनेटरवर आमची ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरतच नाही, शेवटचा टप्पा फार हळू चढतो. मुक्कामी उतरलो तेव्हाच ती भरलेली नव्हती. पहाटे तीनपर्यंत पोचली, हेच खूप झालं.

हे सगळं त्या माणसाला माहीत नव्हतं, असं मी कसं मानू? गाड्या बांधणं हाच त्यांचा धंदा. गुणाकार सांगायचा आणि वजाबाकी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची! बरं, इथे आइस्क्रीम वितळत नव्हतं, माणसाचा श्वास होता.

तिरीमिरीत मी इन्व्हर्टर काढूनच टाकायचं ठरवलं होतं. काढला नाही. चटणीला मिक्सर लागतो. दोन मिनिटं पाचशे वॅट म्हणजे दोन अँपिअर-अवरसुद्धा जात नाहीत. थोडा वेळ मोठा लोड चालवायला इन्व्हर्टर उत्तमच; रात्रभर लहानसा लोड त्याच्यावर ठेवणं, ही खरी उधळपट्टी. आता आईचं मशीन इन्व्हर्टरवर नसतंच. बाराचे चोवीस व्होल्ट करणारा डीसी ॲडॉप्टर घेतला, डॉक्टरांना विचारून प्रवासात ह्युमिडिफायरची उष्णता बंद ठेवली. अख्ख्या रात्रीत बारा-तेरा अँपिअर-अवर जातात. रात्री मिक्सर झाला की इन्व्हर्टरचं बटण बंद. फ्रिजही बारा व्होल्टवर चालणारा घेतला.

मोजायचं असेल तर डीसी करंट दाखवणारा क्लॅम्प मीटर घ्या. इलेक्ट्रिशियनकडचा साधा क्लॅम्प बहुतेक वेळा फक्त एसी मोजतो. व्होल्टेज पाहायचं तर सगळा लोड काढून, बॅटरीला काही वेळ विश्रांती देऊन पाहा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. इन्व्हर्टर कट होईपर्यंत थांबलात तर बॅटरीचं आयुष्य खाताय. आमचा साडेदहाला कट होतो.

लिथियम घ्या, प्रश्न मिटेल, असं आता जो तो सांगतो. शंभर एएचच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीतून हजारेक वॅट-अवर बिनधास्त काढता येतात, हे खरं आहे. पण ती अल्टरनेटरमधून बेसुमार करंट ओढते, म्हणून मध्ये वेगळा चार्जर बसवावा लागतो. तुमचा गाडीवाला ते आपणहून सांगेल, या भरवशावर राहू नका. गाडी ताब्यात घेण्याआधी एक रात्र त्याच्याच गॅरेजसमोर, फ्रिज, मशीन, पंखा सगळं लावून काढा. शेवटचा हप्ता दुसऱ्या दिवशी सकाळी.