अर्जुन, अर्जेंटिना आणि राणीछाप रुपया

हुपरी, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर

चि. अर्जुन यास आबांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, वर्गात सगळ्यांच्या नावांचे अर्थ लिहून मागितलेत, तर अर्जुन म्हणजे काय? तुझी आई मागून म्हणाली, ‘धनुर्धारी लिही आणि मोकळा हो.’ आबांना ते पटलं नाही. फोनवर सगळं सांगणंही झालं नाही. तुझा प्रश्न दोन रात्री डोक्यातून गेला नाही, म्हणून कागद घेतला.

अर्जुन म्हणजे पांढरा, लखलखीत. नदीकाठी वाढणाऱ्या अर्जुनाच्या झाडाची सालही पांढुरकी असते. विराटपर्वात उत्तर नावाचा राजपुत्र बृहन्नडेच्या वेषातल्या अर्जुनाला विचारतो, तू खरंच अर्जुन असशील तर त्याची दहा नावं आणि त्यांचे अर्थ सांग. तिकडं कौरव गाई हाकून नेताहेत आणि इथं शमीच्या झाडापाशी हा एकेक नाव उलगडून सांगतो आहे! फाल्गुन, किरीटी, सव्यसाची, धनंजय... आचरण शुद्ध, म्हणून अर्जुन. आणि त्यातच एक नाव कृष्ण, बापानं सावळ्या पोराला लाडानं ठेवलेलं. एकाच माणसाच्या नावांत काळाही आहे आणि पांढराही. वीज कडाडली की तुझी पणजी हीच नावं मोठ्यानं घ्यायची. तेवढ्यानं घरातली सगळी पोरं तिच्या पदराखाली गोळा व्हायची.

पण चांदीकामाच्या हुपरीतल्या पोराला अर्जुनाचा अर्थ सांगायचा तर चांदीपर्यंत जावंच लागतं. संस्कृतात चांदीला रजत म्हणतात, लॅटिनमध्ये अर्जेंटम, ग्रीकमध्ये आर्गुरोस. हे सगळे शब्द एकाच जुन्या मुळाचे, त्या मुळाचा अर्थ चमकणारं, शुभ्र. आणि अर्जुनही त्याच कुळातला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच घरच्या असाव्यात, हे विल्यम जोन्सनं १७८६ साली कलकत्त्यात जाहीरपणे मांडलं, तेव्हापासून हा अभ्यास फोफावला. रसायनशास्त्राच्या पुस्तकात चांदीचं चिन्ह एजी असतं ते या अर्जेंटमचं, आणि फुटबॉलवाल्या अर्जेंटिनाचं नावही त्यावरूनच. मेस्सीचा देश आणि तुझं नाव दूरचे भाऊबंद आहेत, हे वर्गात नक्की सांग.

इंग्रजीतल्या पैशांच्या शब्दांतही चांदीच भरली आहे. आज चेक देशात असलेल्या एका दरीत १५२० च्या आसपास चांदीचं मोठं नाणं पाडू लागले. त्या दरीला संत योआखिमचं नाव होतं. हे मेरीचे वडील, म्हणजे येशूचे आजोबा, असं ख्रिस्ती परंपरा सांगते. जर्मनमध्ये दरीला थाल म्हणतात, म्हणून दरीचं नाणं ते थालर, आणि बोलता बोलता त्याचा झाला डॉलर. रुपया तर आपलाच. रूप्य म्हणजे ठसा उमटवलेली चांदी. शेरशाह सूरनं सोळाव्या शतकात चांदीच्या रुपयाला जे वजन ठरवून दिलं, जवळपास तेच पुढं इंग्रजांपर्यंत चाललं.

इंग्रजांच्या रुपयाचं वजन बरोबर एक तोळा. तुझे पणजोबा तराजूत वजनाऐवजी राणीछाप रुपयाच टाकायचे. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असायची. १९४० साली सरकारनं ती निम्म्यावर आणली. म्हणून पणजोबा प्रत्येक रुपया उंबऱ्याच्या दगडावर वाजवून घ्यायचे. तो आवाज आबांच्या कानात अजून आहे. एका वर्षी, बहुतेक तुझ्या आत्तीच्या बारशाच्या सुमारास, घरात चांदी नव्हती आणि पैंजण तर करायचेच होते. पणजीनं पेटीतून पाच राणीछाप काढून दिले. मूस लाल झाली, आणि व्हिक्टोरिया राणीचा चेहरा आधी कडेनं, मग नाकाशी विरघळत गेला. शेवटी उरला नुसता थरथरणारा पांढरा गोळा. पणजी चुलीपाशी बसून डाख लावायचे घुंगरू वेगळे करत होती, तिनं मान वर केली नाही. ते पैंजण आत्तीनं आजवर मोडलेले नाहीत.

तू राहतोस त्या बर्मिंगहॅममध्ये १७७३ पासून चांदीचा कस तपासणारी कचेरी आहे आणि तिचा शिक्का जहाजाच्या नांगराचा. हॉलमार्क हा शब्द लंडनच्या सोनारांच्या हॉलवरून आला. पंधराव्या शतकापासून तिथल्या कारागिरांना आपला माल त्या हॉलमध्ये नेऊन छाप मारून घ्यावा लागे. तिथली स्टर्लिंग म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. हुपरीत आपण टंच किती विचारतो, तीच ही चौकशी. तुझ्या आजूबाजूला स्मिथ आडनावाची घरं असतील. स्मिथ म्हणजे धातू घडवणारा. हुपरीतली निम्मी गल्ली त्या अर्थानं स्मिथच आहे.

आता थोडं रागवायचं आहे. शाळेत तुला सगळे ‘एजे’ म्हणतात असं कळलं. परदेशी जिभेला ‘र्जु’ अवघड जातो, हे मान्य. पण क्रिस्टोफर त्यांना जमतो, अलेक्झांडर जमतो, मग अर्जुन दोनदा सांगितल्यावर का जमू नये? तुझ्या बाबांनी तिकडं जाऊन आधी आडनाव आखडलं, आता पोराचं नावही आखडायला निघालेत. तुला मराठी बोलता येतं, वाचताना अडखळतोस. हे पत्र आईकडून ऐकशील, याची आबांना रुखरुख लागून राहते. इंग्रजी शब्दांची मुळं शोधतोस त्याचं कौतुक आहे, भरपूर शोध. त्यासाठी शेजारी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही ठेव. १८३१ चा आहे आणि आजही उपयोगी पडतो. थंडीत कानटोपी घालत जा, दूध टाळू नकोस.

एका रविवारी बाबांना घेऊन तिथल्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये जा. एखाद्या चमच्यावर तो नांगर बघ, टंच वाच, आणि काय काय दिसलं ते स्वतःच्या हातानं देवनागरीत लिहून पाठव. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका झाल्या तरी चालतील. खाली सही मात्र पूर्ण अर्जुन अशी कर.

तुझे,
आबा