सोप्यातली गेमची वही

2023च्या दिवाळीत माझा आतेभाऊ न्यू जर्सीहून कोरेगावला आला आणि येताना माझ्यासाठी गेम खेळायचा स्टीम डेक घेऊन आला. आपल्याकडे तो अधिकृतपणे विकला जात नव्हता, म्हणून वर्षभर मी त्याच्या मागे लागलो होतो. 7 इंचांचा पडदा, दोन्ही हातांत मिळून 669 ग्रॅम वजन. दिसायला खेळणं, पण आत 16 जीबी मेमरीचा पुरा संगणक. फक्त त्यात विंडोज नव्हतं, लिनक्स होतं.

माझी धाकधूक तेवढ्याचीच होती. एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत 'व्हाइस सिटी' आणि 'आयजीआय' खेळत आमची पिढी मोठी झाली. भारनियमनाच्या दिवसांत लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. पुढं पुण्यात नोकरी लागल्यावर पगारातून एकेक करत मी गेम विकत घेतले. त्यातले बहुतेक विंडोजसाठी बनवलेले. त्यातले किती ह्या यंत्रावर चालतील, हे कळल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

भाऊबीजेला बहीण आली, तिच्याबरोबर नववीतला भाचा. सोप्यात सतरंजीवर बसून आम्ही कामाला लागलो. त्यानं शाळेची एक जुनी वही घेतली आणि पानावर तीन रकाने आखले : चालला, चालला पण, नाही. स्टीम ह्या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेमच्या नावापुढं खूण असतेच. हिरवी बरोबरची खूण म्हणजे तपासून पाहिलेला, निर्धास्त खेळा. पिवळी म्हणजे चालेल, पण अक्षरं बारीक दिसतील किंवा मधेच कीबोर्ड लागेल. मग 'चालत नाही'ची खूण, आणि कुणी तपासलाच नसेल तर प्रश्नचिन्ह. तरी भाच्याचं म्हणणं, आपण स्वतः बघायचं. मला ते पटलं.

पहिला गेम लावला 'राजी'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळींनी केलेला, 2020 साली आलेला. राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला राजी त्रिशूळ घेऊन निघते आणि तिची गोष्ट दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत सांगतात. भाऊबीजेच्या दिवशी हा गेम लागला, हा निव्वळ योग. आधी पडद्यावर व्हल्कन शेडर्सची तयारी चालल्याची पट्टी सरकत राहिली. आम्ही दोघं श्वास रोखून. मग वाड्याच्या कमानी उजळल्या, राजीनं भिंतीवरून धाव घेतली आणि भाचा ओरडला, "मामा, चालला की!" बहीण चकली तळता तळता झारा घेऊनच बाहेर आली. पुण्यातल्या माणसांनी केलेलं काम कोरेगावच्या सोप्यात, हातावर मावणाऱ्या यंत्रावर न अडखळता पळत होतं. मला भरून आलं.

"पण विंडोजचा गेम लिनक्सला कळतो कसा?" भाच्यानं विचारलं. मी म्हटलं, मधे दुभाष्या बसलाय, त्याचं नाव प्रोटॉन. गेम विंडोजच्या भाषेत मागणी करतो : ही फाइल उघड, इथं त्रिकोण काढ. प्रोटॉन ती ऐकून तिथल्या तिथं लिनक्सला त्याच्या भाषेत सांगतो. त्याचा पाया वाइन नावाच्या प्रकल्पाचा, जो 1993पासून चालू आहे. चित्रांचं भाषांतर करणारा भाग, डीएक्सव्हीके, फिलिप रेबोले नावाच्या जर्मन प्रोग्रामरनं लिहायला घेतला, कारण त्याला 'निअर : ऑटोमाटा' लिनक्सवर खेळायचा होता. एका माणसाची खेळायची हौस, आणि तिच्यावर आज किती जणांचे खेळ उभे आहेत! 2018मध्ये प्रोटॉन आला तेव्हा हे सगळं त्यात एकत्र बांधलेलं होतं.

संध्याकाळपर्यंत पहिला रकाना भरत गेला. 'पोर्टल 2' तर लोण्यासारखा. 'एज ऑफ एम्पायर्स 2'ची नवी आवृत्ती दुसऱ्या रकान्यात गेली. ती चालली, पण माउसचं काम उजव्या अंगठ्याखालच्या चौकोनी पट्टीवर करताना सुरुवातीला माझे शेतकरी भलतीकडंच जायचे. अर्ध्या तासानं हात बसला.

मग एक जुना जपानी गेम लावला. खेळ नीट चालला, पण गोष्टीतला व्हिडिओ आला की पडदाभर रंगीत उभ्या पट्ट्या. घरातले वडीलधारे आमचे आप्पा चष्मा सावरत वाकले. "आरं, ह्या तर टीव्हीवर कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच्या पट्ट्या!" खरंच तशाच होत्या. काही व्हिडिओंची बांधणी अशी असते की ती उलगडणारा कोडेक परवान्याशिवाय सोबत देता येत नाही. मग दुभाष्या त्या जागी पट्ट्या दाखवतो. डेस्कटॉप मोडमध्ये जाऊन मी एका स्वयंसेवकानं बांधलेली प्रोटॉनची वेगळी आवृत्ती, प्रोटॉन-जीई, उतरवून घेतली. गेमच्या सेटिंगमध्ये ती निवडून पुन्हा सुरू केलं. पट्ट्या गेल्या, समुद्रकिनारा आला. आप्पांनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. भाषा कळत नव्हती तरी.

रात्री फराळ झाल्यावर भाच्यानं मनातली गोष्ट काढली. शाळेतली पोरं मिळून ऑनलाइन खेळतात तो नेमबाजीचा गेम. सकाळपासून तो त्यासाठीच थांबला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. गेम उतरला, सुरूही झाला आणि दाराशीच थांबला. लबाडी रोखणारा पहारेकरी विंडोजच्या पार गाभ्यात बसायला मागतो. इथं तो गाभाच नाही. दुभाष्या कितीही हुशार असला तरी ह्या दारातून आत नेऊ शकत नाही. पोराचा चेहरा पडला. मी त्याला सांगितलं ते खोटं आश्वासन नव्हतं : असे पहारेकरी बनवणाऱ्या दोन मोठ्या नावांनी, इझी अँटी-चीट आणि बॅटलआयनं, 2021पासून प्रोटॉनसाठी वाट मोकळी ठेवली आहे. पण कडी गेम बनवणाऱ्यानं काढायची असते. काहींनी काढली, काहींनी नाही.

"म्हणजे कधीतरी चालेल?"

"ते त्यांच्या हातात आहे."

त्यानं वही पुढं ओढली आणि तिसऱ्या रकान्यात नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती मंडळी निघून गेल्यावर मी वही उघडली. बाकी सगळं पान निळ्या पेननं लिहिलेलं होतं, तेवढं एक नाव पेन्सिलीनं.