पथ्यात काही चुकलं नाही

माझ्या आजोळी कॅन्सरने गेलेल्या प्रत्येकाच्या मरणाला खाण्यापिण्यातलं एक कारण ठरवून दिलेलं आहे. थोरला मामा चाळिशीतच आतड्याच्या कॅन्सरने गेला, तो 'बाहेरचं खायचा आणि घ्यायचा' म्हणून. आईला गर्भाशयाचा झाला, ती 'उपास करून करून झिजली' म्हणून. आजीला नेमकं काय झालं होतं हे कुणालाच ठाऊक नाही, पोटात गोळा होता एवढंच. पण ती मिश्री लावायची, तेव्हा तिचाही हिशेब लागलेला. एक आई आणि तिची दोन लेकरं एकाच दिशेने गेली, याकडे कुणी बोट दाखवलं नाही. मीही नाही. उलट पुढे मी त्याच हिशेबात भर घातली, आणि तीही जास्त शास्त्रीय भाषेत.

मी कराडजवळच्या एका साखर कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. रसाचा ब्रिक्स, पोल, मळीतली शिल्लक साखर हे रोजचं काम. शेहेचाळिसाव्या वर्षी जिना चढताना धाप लागायला लागली. गाळप हंगाम होता, जागरणं होती, म्हणून लोहाच्या गोळ्या घेत राहिलो. हिमोग्लोबिन सुधारेना तेव्हा कोलोनोस्कोपी झाली आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशन झालं. काढलेल्या गाठीच्या तपासणीत एमएसएच२ नावाचं प्रथिन गायब होतं, म्हणून रक्ताची जनुकीय चाचणी केली. निदान आलं: लिंच सिंड्रोम.

पेशी दुप्पट होताना डीएनएची नक्कल होते आणि त्या नकलेत चुका राहतात. त्या दुरुस्त करणाऱ्या जनुकांपैकी एक आमच्यात जन्मापासून बिघडलेलं. माझ्यासारखा दोष असलेल्या माणसाला आयुष्यात आतड्याचा कॅन्सर होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास जाते; बाईला गर्भाशयाचाही, जवळपास तितकाच. आईबापांपैकी एकात दोष असेल तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. समुपदेशक बाईंनी माझ्यासमोर कागदावर आजी, आई, मामा यांचे चौकोन आणि गोल काढले, त्यातले तीन काळे केले, आणि पेन खाली ठेवलं. बोलायचं काही उरलंच नव्हतं.

त्यांनी एक जुनी गोष्टही सांगितली. 1895 साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एका शिवणकाम करणाऱ्या बाईने अॅल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या डॉक्टरला सांगितलं, की आमच्या घरातले सगळे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली. वॉर्थिनने तिच्या घराण्याची नोंद 1913 मध्ये प्रसिद्ध केली. पुढे हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांचा पाठपुरावा केला, आणि शतकभराने त्या बाईच्या वंशजांत एमएसएच२ मधलाच दोष सापडला. त्या शिवणारणीला जनुक हा शब्द माहीत नव्हता, पण घरातली मरणं तिने एका ओळीत मांडून पाहिली होती. आमच्याकडे प्रत्येक मरणाचा खटला वेगळा चालला आणि प्रत्येक खटल्यात आरोपी ताट.

माझ्या रिपोर्टच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, की रुग्णाच्या सख्ख्या भावंडांनी आणि सज्ञान मुलांनी समुपदेशन घेऊन चाचणी करावी. मी तो वाचला. माझी धाकटी बहीण सांगलीत असते. त्या वर्षी तिच्या मोठ्या मुलीसाठी स्थळं बघत होते. 'घराण्यातच कॅन्सर' असं बाहेर पडलं तर काय होईल, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लग्न उरकलं की सांगू, असं ठरवून फाइल कपाटात ठेवली. बहिणीला सांगितलं ते वेगळंच: "आपल्या घरात खाण्याच्या सवयी वाईट आहेत. मैदा, साखर, दूध बंद कर. मीही केलंय."

साखरेचं खूळ कुठून आलं तेही सांगतो. पेट स्कॅनच्या आधी काही तास उपाशी ठेवतात आणि किरणोत्सारी खूण लावलेलं ग्लुकोज शिरेतून देतात. ते गाठीत जास्त साठतं, म्हणून गाठ पडद्यावर उजळते. कुणीतरी त्यावरून मेसेज पाठवला: बघा, कॅन्सर साखर खातो! गाठीच्या पेशी ग्लुकोज जास्त वापरतात हे ओटो वॉरबुर्गने 1920 च्या दशकातच दाखवलं होतं, तेवढं खरंच आहे. पण त्याच स्कॅनमध्ये मेंदूही लखलखीत दिसतो, कारण तोही ग्लुकोजवरच चालतो. आणि आपण साखरेचा कण खाल्ला नाही तरी यकृत ग्लुकोज तयार करून रक्तात सोडतं. हे मला पाठ्यपुस्तकातून माहीत होतं. तरी मी साखर बंद केली आणि गूळ सुरू केला!

यावर माझ्याच प्रयोगशाळेतली पोरं हसली असती, म्हणून त्यांना कधी सांगितलं नाही. दोन्ही एकाच रसातून निघतात. गुळात सुक्रोज थोडं कमी, सोबत थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, थोडी खनिजं, बाकी पाणी. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी आकडे सांगितले असते. पण 'साखर कारखान्याची, गूळ गुऱ्हाळाचा' एवढ्यावर माझ्यातला केमिस्ट गप्प बसला.

सगळ्यात महागात पडली ती केमोथेरपीच्या काळातली हुशारी. ऑक्झॅलिप्लॅटिनचं सलाइन आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या चालू होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं: वजन टिकवा, प्रथिनं वाढवा, शिजवलेलं खा. मी सकाळी गव्हांकुराचा कच्चा रस, संध्याकाळी लवकर जेवण, एकादशीला निर्जळी, आणि रोज एक चमचा हिरवी 'नैसर्गिक' पावडर असा कार्यक्रम आखला. वजन उतरलं तर मी खूश. हातापायांच्या तळव्यांची सालं निघायला लागली, जुलाब थांबेनात. पुढचा डोस लांबवावा लागला आणि नंतर कमीही करावा लागला. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही घेता का? मी नाही म्हणालो, कारण माझ्या लेखी पावडर हे औषधच नव्हतं. शेवटी बायकोने डबा पर्समधून काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी मागचा छोट्या अक्षरांतला मजकूर वाचला आणि फॉलिक अॅसिडच्या ओळीवर नख ठेवून डबा माझ्याकडे फिरवला. कॅपेसिटाबिनसोबत वरून फॉलिक अॅसिड घेतलं तर त्या औषधाचे दुष्परिणाम वाढू शकतात. दिवसभर दुसऱ्यांच्या मालाचं पृथक्करण करणाऱ्या माणसाने स्वतःच्या डब्याचं लेबल वाचलं नव्हतं.

या सगळ्या पथ्याची मेहनत माझी नव्हती. खपलीची कणीक, घाण्याचं तेल, माझ्यासाठी वेगळी भाजी, मुलांसाठी वेगळी. हे सगळं बायको पहाटेपासून करत होती. मी फक्त खात होतो आणि ताटात काही चुकलं की तोंड फिरवत होतो. एकदा आमटीत चिमूटभर साखर पडली म्हणून मी ताटावरून उठलो. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमच्या खिशातली पुडी चालते का?" कारण तंबाखू मी सोडली नव्हती. दूध बंद, साखर बंद, बेकरी बंद. पण कारखान्यात गेलं की तळहातावर चुना मळून चिमूट दाढेत. कॅन्सरशी जिचा संबंध वादातीत आहे ती वस्तू माझ्या पथ्याच्या यादीतच नव्हती. सोडायला जी गोष्ट खरंच जड होती ती मी सोडली नाही, आणि सोडलेल्या सोप्या गोष्टींचा डंका पिटला.

डंका म्हणजे अक्षरशः. लग्नकार्यात पंगतीला बसलो की शेजारच्याला जिलेबीवरून व्याख्यान. नात्यातल्या लोकांचे फोन यायचे, "काय खाऊ, काय नको?" मी आहाराचा तक्ता करून सगळ्यांना पाठवला. कॅन्सर झालेला आणि त्यातून उठलेला माणूस सांगतोय, म्हटल्यावर कोण शंका घेणार?

ज्याने खरोखर जीव वाचतो ते मात्र मी टाळत होतो. लिंच असलेल्यांना एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करावी लागते. इतरांच्यात आतड्यातल्या मोडाचा कॅन्सर व्हायला दहाएक वर्षं लागतात, आमच्यात तो एक ते तीन वर्षांतही होतो. ऑपरेशननंतरची पहिली तपासणी स्वच्छ आली. पुढचीला हंगाम आड आला. त्याच्या पुढचीला मीच म्हणालो, पोट एकदम साफ आहे, आहार इतका शुद्ध आहे, कशाला ते दोन लिटर औषध पिऊन रात्रभर संडासात बसायचं?

मग बहिणीचा फोन आला. पाळी थांबून वर्ष झालं होतं आणि पुन्हा अंगावरून जात होतं. तिने तीन महिने ते अंगावर काढलं; उष्णता असेल म्हणून सब्जा आणि धने-जिऱ्याचं पाणी पीत राहिली. तपासणीत गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. नशीब, लवकरच्या टप्प्यातला. गर्भाशय आणि अंडाशय काढले आणि आज ती बरी आहे. पण दवाखान्यात तिने मला जे विचारलं त्यात राग नव्हता, कोडं होतं: "दादा, तू सांगितलेलं सगळं केलं की रे मी. पथ्यात काही चुकलं का माझं?"

पथ्यात काहीच चुकलं नव्हतं. मी तेव्हा तिला रिपोर्टबद्दल सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे त्या कागदात माझ्याबद्दल लिहिलं होतं." लिंच आहे हे आधी माहीत असतं, तर पहिल्या डागालाच ती डॉक्टरांकडे गेली असती, कदाचित मुलं मोठी झाल्यावर गर्भाशय आधीच काढून घेण्याचा विचारही केला असता. तो निर्णय तिचा होता. मी तो माझ्या कपाटात ठेवला होता. आणि ज्या भाचीच्या लग्नासाठी मी गप्प बसलो, तिलाही तोच दोष मिळालेला असू शकतो, हा विचार मला तोवर शिवलाही नव्हता.

त्यानंतर मी कोलोनोस्कोपीला गेलो. दोन मोड निघाले. काढले; कॅन्सर नव्हता. 'अजून' हा शब्द डॉक्टरांनी उच्चारला नाही, मला ऐकू आला.

आता कुणी खाण्याबद्दल विचारलं तर माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे, पण ते तपासलेलं आहे. लिंच असलेल्या 861 लोकांवर एक मोठी चाचणी झाली. त्यात निम्म्यांना सुमारे दोन वर्षं रोज 600 मिलिग्रॅम अॅस्पिरिन दिलं. दहा वर्षांनी आतड्याचा कॅन्सर झालेले त्यांच्यात 9 टक्के, न घेतलेल्यांत 13 टक्के निघाले. अॅस्पिरिनने रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून घ्यायचं की नाही आणि किती, हे डॉक्टरांनी ठरवायचं. माझ्या डॉक्टरांनी माझ्यासाठी ठरवलं आहे. त्याच अभ्यासात काहींना न पचणाऱ्या पिष्टाची पावडर दिली होती, कच्च्या केळ्यात असतं तसलं पिष्ट. आतड्याच्या कॅन्सरवर तिचा काहीच परिणाम झाला नाही, पण जठर, स्वादुपिंड अशा इतर ठिकाणचे कॅन्सर जवळपास निम्म्यावर आल्याचं 2022 मध्ये प्रसिद्ध झालं. भात गार झाला की त्यातही तसलं पिष्ट थोडं वाढतं, म्हणून फोडणीचा भात मी आता अपराधी न वाटता खातो. औषध म्हणून नाही. याच लोकांमध्ये लठ्ठ असलेल्यांना आतड्याच्या कॅन्सरचा धोका दुपटीहून जास्त दिसला. म्हणून वजन सांभाळतो, पण उपाशी राहून नाही.

चालण्याबद्दलचा पुरावा तर माझ्या सगळ्या रसांपेक्षा वजनदार आहे. आतड्याच्या कॅन्सरची केमो संपलेल्या 889 रुग्णांची चाचणी 2025 मध्ये प्रसिद्ध झाली. ती खास लिंचवाल्यांची नव्हती. तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम केलेल्यांपैकी 80 टक्के पाच वर्षांनी रोगमुक्त होते, नुसतं माहितीपत्रक दिलेल्यांपैकी 74 टक्के. मी कृष्णेच्या काठाने रोज चालतो. तंबाखू सुटली आहे. ती सोडताना साखर सोडण्याच्या दसपट त्रास झाला. बायकोने वेगळी भाजी करणं बंद केलं आहे. घरात सगळ्यांना एकच भाकरी-भाजी, आठवड्याला नव्हे तर महिन्यातून कधीतरी मटण, आणि तिच्या चहात साखर असते.

आहार बदलू नये असं माझं म्हणणं नाही. तो बदलला तर फायदाच आहे. पण आमच्यासारख्यांचा क्रम ठरलेला आहे: आधी नात्यातल्या प्रत्येकाला सांगणं, मग चाचणी, मग वेळेवर तपासण्या, आणि त्याच्या मागून ताट. मी तो उलटा लावला, कारण ताट बदलायला कुणाची परवानगी लागत नाही आणि कुणाला काही सांगावं लागत नाही. वर कौतुक होतं. आणि गेलेल्यांवर दोष टाकता येतो. मामाची दारू आणि आईचे उपास मी वर्षानुवर्षं बोलून दाखवले. दारूने काहीच बिघडवलं नसेल असं नाही, पण त्या दोघांना जे त्यांच्या आईकडून मिळालं होतं ते त्यांनी खाल्लेलं नव्हतं.

भाचीने लग्नानंतर चाचणी करून घेतली. तिच्यात दोष नाही. माझ्या मुलाची येत्या महिन्यात होईल. राहिला मामाचा मुलगा. तो कोल्हापूरला असतो, बापाच्या वयाच्या जवळ आला आहे, आणि चाचणीला तयार नाही. दोनदा भेटलो, रिपोर्टची प्रत दिली. तो दारूला शिवत नाही, मटण खात नाही, गुळाचा चहा पितो. मागच्या खेपेला म्हणाला, "बाबांचं खाण्यापिण्यानं झालं हे तूच सांगायचास, दादा. मी तर सगळं तुझ्या तक्त्याप्रमाणं करतोय." तक्ता चुकीचा होता, असं मी त्याला सांगितलं. तो हसला. त्याच्या मते मी आता पथ्याला कंटाळलोय.