पंचतारांकित पेज

आमच्या घरात प्रवासाचे बेत पुष्कळ होतात आणि प्रवास फार थोडे. त्यामुळे गेल्या फेब्रुवारीत सिंगापूरच्या मेव्हण्याने कळवले की, ‘ताईसाठी आणि भाचीसाठी गोव्याच्या समुद्रकाठच्या एका बड्या हॉटेलात तीन रात्रींची सोय केली आहे, पैसे भरून झाले आहेत, आता नाही म्हणू नका,’ तेव्हा आमच्या घरी आनंदाऐवजी शांतता पसरली. मी मराठीचा प्राध्यापक. पगार बेताचा आणि सवयी त्याहून बेताच्या. ज्या हॉटेलात पाण्याच्या बाटलीचा भाव विचारायला धीर लागतो, तिथे आपण करायचे काय? पण खरी अडचण ती नव्हती. अडचण होती नऊ महिन्यांची आणि सव्वासहा किलो वजनाची. तिला आम्ही घरी चिमी म्हणतो.

लग्नानंतर तेरा वर्षांनी झालेली ही मुलगी सात आठवडे आधी जन्माला आली. एकोणीस दिवस ती काचपेटीत होती. त्या दिवसांत आमची सौ. काचेबाहेर स्टुलावर बसून राहायची. मुलगी घरी आली, सुधारली, हसू लागली, पण सौ. मात्र त्या स्टुलावरून अजून उठलीच नाही, असे मला वाटे. तिच्याजवळ एक वही असते. किती वाजता दूध, किती चमचे भात, ताप किती, झोप किती, सगळे त्या वहीत. बँकेत हिशेब तपासणारी बाई. तिचा एकही रकाना रिकामा नसे. रकाना नव्हता तो फक्त तिच्या स्वतःच्या झोपेचा.

आणखी एक गोष्ट होती, ती घरात कोणी बोलत नसे. इस्पितळाच्या जिन्यात, त्या पहिल्या रात्री, माझी आई मावशीला फोनवर म्हणाली होती, “सातव्या महिन्यापर्यंत लोकलचे धक्के खायची काय गरज होती हिला?” सौ. पाठीमागेच उभी होती. तिने ऐकले. त्यावर भांडण झाले नाही. झाले असते तर बरे झाले असते. त्या दिवसापासून तिने चिमीला आईजवळ एकटे म्हणून कधी ठेवले नाही. आई समजून होती. नातीला घ्यायला हात पुढे करायची आणि तोच हात पदराला पुसून मागे घ्यायची.

तर अशी आम्ही चार माणसे एका सकाळी ठाण्याला मांडवी एक्सप्रेसमध्ये चढलो. सामान सात डागांचे. त्यांतले पाच चिमीचे. आईला बरोबर घेण्याचा आग्रह माझाच. ती मूळची वेंगुर्ल्याची. लग्न होऊन मुंबईला आली ती बोटीने. कोकणात रेल्वे येणार, येणार असे ती जन्मभर ऐकत होती, आणि १९९८ साली मुंबईपासून मंगळूरपर्यंत सलग गाडी धावू लागली तेव्हा गावाला तिचे म्हणण्यासारखे कोणी उरले नव्हते. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटर लांब. सगळ्या डब्यात काळोख झाला, दिवे लागले, आणि सौ.ने चिमीला छातीशी घट्ट धरले. बोगदा संपला तेव्हा पाहतो तो चिमी खिडकीकडे बघून हसत होती! आमच्या चौघांत न घाबरलेली तेवढी तीच.

तिन्हीसांजेनंतर मडगाव आले. मजोर्ड्यापासून दक्षिणेला साळ नदीच्या मुखापर्यंत सासष्टीचा हा किनारा कित्येक किलोमीटर सलग पसरलेला आहे. पांढरी वाळू, माड आणि सुरूची झाडे. त्यातच कुठे तरी आमचे हॉटेल. नाव सांगत नाही. स्तुती केली तर जाहिरात होईल आणि तक्रार केली तर कृतघ्नपणा.

दारात शिंपल्यांच्या माळा गळ्यात पडल्या. आईने ती माळ देवाच्या फोटोला घालण्यासाठी जपून ठेवली. खोली आमच्या सबंध घराएवढी. पलंग असा की, त्यावर आई, सौ., चिमी आणि मी आडवे झालो असतो तरी एखादा पाहुणा मावला असता. चिमीसाठी कठड्याचा पाळणा, इवलासा टॉवेल, न्हाणीघरात इवलासा टब. सगळे होते, पण खोली बर्फासारखी गार होती आणि ते यंत्र कसे बंद करायचे हे कळेपर्यंत अर्धा तास गेला. मी मराठी वाङ्मयाचा इतिहास तोंडपाठ सांगतो; पण भिंतीवरच्या त्या चौकोनाने माझे काही चालू दिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला गेलो. पन्नासेक पदार्थ मांडलेले. पावाचे नऊ प्रकार मी मोजले. नसलेला पदार्थ एकच: चिमीला लागणारा, बिनमिठाचा मऊ भात. डॉक्टरांनी बजावले होते की, वर्षाच्या आत मीठ नाही, साखर नाही, मधाचे तर बोटसुद्धा नाही. मी एका पोरगेल्या वाढप्याला गाठून समजावले, “तांदूळ, पाणी, खूप शिजवायचे, एकदम मऊ.” त्याचा चेहरा उजळला. वीस मिनिटांनी तो मोठ्या अदबीने एक बशी घेऊन आला. भात होता, मऊही होता. पण चीज घालून केलेला! रिसोटो म्हणतात म्हणे त्याला. आईने वास घेतला आणि म्हणाली, “ह्यापेक्षा उपास बरा.” सौ.ने वहीत लिहिले, ‘९ वा. — काही नाही.’ बरोबर आणलेल्या पिठाची खीर तिने खोलीतल्या किटलीच्या पाण्यात कालवली. चिमीने ती थुंकून टाकली. दुपारीही तेच. संध्याकाळपर्यंत सौ.च्या कपाळावर ती जुनी, इस्पितळातली आठी पुन्हा दिसू लागली. “उद्याच्या गाडीने परत जाऊ या,” ती म्हणाली. मी बरे म्हटले. दुसरे काय म्हणणार?

चारनंतर ऊन कलले तसे आम्ही वाळूवर गेलो. तान्ह्या मुलाला समुद्रावर न्यायचे तर सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर, आणि तेही सावलीत. त्याची कातडी आपल्यासारखी ऊन सोसत नाही. सुरूखाली चादर पसरली. चिमी वाळूकडे बघत राहिली. ओल्या वाळूत लहान लहान खेकडे वाळूच्या गोळ्या करून बिळाभोवती नक्षी मांडत होते. लाट आली की नक्षी पुसली जाई आणि ते पुन्हा कामाला लागत.

थोड्या अंतरावर रापण ओढणे चालले होते. होडीतून अर्धवर्तुळात सोडलेले लांबच लांब जाळे, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर, आणि प्रत्येक टोकाशी माणसांची रांग. १९७०च्या दशकात यांत्रिक ट्रॉलरांनी ह्या रापणकारांच्या तोंडचा घास पळवला. तेव्हा गोव्यात त्यांनी मोठे आंदोलन केले आणि १९८० साली गोव्यात मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला. रापणी आता थोड्याच उरल्या आहेत. हॉटेलचे गोरे पाहुणे फोटो काढत होते. आई मात्र उठून उभी राहिली होती. तिचे वडील रापणीत वाटेकरी होते, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी त्या सुरूखाली कळले!

बसल्यावर ती सौ.कडे न पाहता बोलू लागली.

“आम्ही बहिणी तिघी नव्हतो. चौथी होती. सातव्या महिन्यात झालेली. कापसात गुंडाळून सुपात ठेवली होती, सुपाखाली निखाऱ्यांची पाटी. आईला दूधच येईना. पेजेच्या निवळीत कापसाचा बोळा बुडवून तोंडात पिळायचो. मी पाच वर्षांची होते, बोळा मीच धरायचे. अकराव्या दिवशी गेली.”

सौ. काही बोलली नाही.

“सगळे आईलाच बोलले. विहिरीचं पाणी ओढलंस म्हणून झालं. बोलण्यात माझी आजी पहिली. आईनं पुढे कधी वर मान करून पाहिलं नाही तिच्याकडे.” आई जरा थांबली. “त्या रात्री इस्पितळात मला ते सूप दिसलं गं. आणि मी तेच बोलले तुला, जे आजी बोलली होती. चुकलं माझं.”

मी चिमीची टोपी झटकत होतो. तिला मुळीच वाळू लागलेली नव्हती. सौ. म्हणाली, “आई, वारा सुटलाय, तुमची शाल घ्या.” एवढेच. ती शाल तिने स्वतः त्यांच्या खांद्यावर टाकली.

परत येताना तो सकाळचा वाढपी भेटला. आईने त्याला थांबवून आपल्या मालवणीत विचारले, “तू खंयचो रे?” मुलगा काणकोणचा निघाला. मग काय! त्याची कोंकणी आणि हिची मालवणी, अशी दहा मिनिटे उभ्या उभ्या बैठक झाली. तुम्ही लोक दहा वाजता काय खाता, असे आईने विचारले. मुलगा लाजला. म्हणाला, नोकरमाणसांच्या जेवणघरात रोज पेज असते, उकड्या तांदळाची, पण ती काय पाहुण्यांना द्यायची?

“तीच दे,” आई म्हणाली. “मीठ घालण्याआधी वेगळी काढ.”

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास दारावर टकटक झाली. तो मुलगा आणि त्याच्यामागे मिशा पिकलेला एक आचारी. हातात चांदीच्या झाकणाचे हॉटेलचे थाटाचे भांडे आणि त्यात वाफाळणारी पेज. शेजारच्या वाटीत, खास आईसाठी, मिठाच्या पाण्यातली कैरी. पेज हा शब्द संस्कृतातल्या ‘पेया’वरून आला, आजारातून उठलेल्या माणसाला आयुर्वेदात पेया सांगितली आहे, असे मी सांगू लागलो, पण कोणी ऐकत नव्हते. सगळ्यांचे डोळे चमच्यावर. सौ.ने पेज घोटून मऊ केली, फुंकर घातली आणि पहिला चमचा चिमीच्या तोंडाशी नेला. चिमीने तो घेतला. तोंड वेडेवाकडे केले. विचार केला. आणि पुन्हा ‘आ’ केला. आचाऱ्याने असा निःश्वास सोडला, जणू त्याचीच परीक्षा होती. त्याला बक्षिसी देऊ लागलो तर घेईना. म्हणाला, ह्या खोल्यांत इतकी वर्षे काय काय पाठवले. पेज पहिल्यांदाच मागितली कोणी.

तीन-चार चमचे झाले आणि सौ.ने चमचा खाली ठेवला. मला वाटले, दमली. तिने चिमीला उचलले आणि आईच्या मांडीवर ठेवले.

“राहिलेलं तुम्ही भरवा,” ती म्हणाली. “मी जरा पाण्यात जाऊन येते.”

कॉलेजात असताना पोहण्याची बक्षिसे मिळवलेली ही बाई. लग्नातल्या पेटीत तिचे पेले होते. गेल्या दीड वर्षात तिने पाण्यात पाय घातला नव्हता. मी तिच्यामागून किनाऱ्यापर्यंत गेलो. लाल-पिवळ्या निशाणांच्या मध्ये पोहावे, तिथे जीवरक्षकांची नजर असते, असा फलक होता. ती त्या दोन निशाणांमधून सरळ चालत गेली. कमरेइतक्या पाण्यात थांबली, एकदा मागे वळून खिडक्यांकडे पाहिले आणि मग लाटेखाली गेली. बाहेर आली ती पलीकडे, समुद्राकडे तोंड करून, लांब लांब हात टाकीत. मी चष्मा पुसला. समुद्राच्या वाऱ्याने काचा खारट होतात.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. भरतीच्या रेषेखालची ती वाळू आणि ते पाणी कोणाही हॉटेलच्या मालकीचे नसते. पैसे पडतात ते गाद्यांचे आणि पावांच्या नऊ प्रकारांचे. मेव्हण्याचे पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही. त्यांच्यामुळेच तर आम्ही तिथवर पोचलो. पण आम्हांला जे मिळाले त्याचे बिल झाले नाही. तेव्हा तान्हे मूल घेऊन जाणाऱ्यांनी खुशाल जावे. आपले तांदूळ बरोबर न्यावेत, गारव्याचे यंत्र आधी बंद करावे, आणि जमल्यास आजीला न्यावे.

परत खोलीवर आलो तो चिमी आईच्या मांडीवर झोपली होती. आई हलत नव्हती. पाय बधिर झाले असावेत. वही शेजारी उघडी होती. सौ. ओल्या केसांनी ती वाचू लागली. तिच्या बारीक इंग्रजी अक्षरांखाली आईचे मोठे, गोल, चौथी यत्तेतले मराठी अक्षर होते:

‘१० वा. पेज. ११ चमचे. १० वा. २० मि. हसली. १० वा. ३५ मि. झोपली. ताप नाही. हिची आई पोहायला गेली आहे.’

सौ.ने पेन घेतला. मला वाटले, काही दुरुस्ती करणार. तिने खाली फक्त वेळ घातली, ‘११ वा.’, पुढे लिहिले ‘आली’, आणि पलंगावर आडवी झाली. दुपारी तीनपर्यंत उठली नाही. तो रकाना मात्र कोणी भरला नाही. भरायचे कोणाच्या लक्षातच आले नाही.