बाहेरून दिसते ती सावली

सुरतच्या कतारगाममध्ये रफ हिरा हाती आला म्हणून कुणी लगेच कापायला घेत नाही. आधी तो यंत्रात फिरवून आतला डाग कुठे, चीर किती खोल, हे पाहतात. मग प्लॅनिंग, मग लेसर, मग पैलू पाडायची घंटी. या गल्ल्यांमधल्या रत्नकलाकारांची हृदयं तपासताना मला वाटतं, जी काळजी आपण दगडाची घेतो, ती रक्तवाहिनीची घ्यायलाच हवी.

हिरा आणि स्टेंट, म्हणजे अडलेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, यांचं इथे नातंही आहे. हिरे कापणारी लेसर यंत्रं बनवणाऱ्या धीरजलाल कोटडिया यांच्या सहजानंद समूहाने कतारगाम-वेड रोडच्या याच पट्ट्यात लेसरचं तेच कौशल्य स्टेंटकडे वळवलं. त्यांच्या सुप्राफ्लेक्स स्टेंटच्या तारा 60 मायक्रॉन जाडीच्या, म्हणजे केसाहून बारीक. 2019 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या टॅलेंट चाचणीत युरोपातल्या 1,435 रुग्णांवर हा स्टेंट नावाजलेल्या परदेशी स्टेंटच्या तोडीचा ठरला. पण उत्तम स्टेंटसुद्धा नीट फुलला नाही, तर उपयोग काय?

अँजिओग्राफी 1958 पासून आपल्या हाताशी आहे आणि आजही तिच्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. पण तिच्यात दिसते ती रंगद्रव्याने भरलेल्या पोकळीची सावली. वाहिनीची भिंत दिसत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णाला मी स्टेंट बसवला. पडद्यावर सगळं छान दिसत होतं. काही महिन्यांत तो छातीत दुखतं म्हणून परत आला. आतून पाहिलं, तर कॅल्शियमच्या कड्यात स्टेंट अर्धवट आवळलेला. ती चूक माझी होती. मी सावलीवर विसंबलो होतो.

आतून पाहण्याचे मुख्य मार्ग दोन. आयव्हस म्हणजे ध्वनिलहरींची सोनोग्राफी, वाहिनीच्या आत नेलेली. ती भिंतीत कित्येक मिलिमीटर खोल पाहते, त्यामुळे मोठ्या वाहिनीचा खरा व्यास कळतो. रक्त बाजूला सारावं लागत नाही, म्हणून जादा रंगद्रव्य लागत नाही. किडनी कमजोर असेल किंवा डाव्या मुख्य धमनीच्या अगदी तोंडाशी अडथळा असेल, तर मी आयव्हसच घेतो. मात्र तिची नजर साधारण 100 मायक्रॉनपाशी थांबते.

ओसीटी प्रकाश वापरते. तिला 10 ते 20 मायक्रॉन इतकं बारीक दिसतं: स्टेंटची एकेक तार, भिंतीपासून सुटलेली कड, छोटीशी गुठळी. पण ती एक-दोन मिलिमीटरच्या पलीकडे पोचत नाही, आणि प्रतिमा घेतानाच्या दोन-तीन सेकंदांपुरतं रक्त रंगद्रव्याने धुऊन काढावं लागतं.

मागच्या दिवाळीआधी छप्पन वर्षांचे एक कारागीर आले. कारखान्याची सुट्टी लागल्यावर बघू, म्हणून महिनाभर दुखणं अंगावर काढलं होतं. अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मुख्य धमनीत, म्हणजे एलएडीमध्ये, अडथळा आणि कॅल्शियमची फिकट रेघ. ओसीटी केली, तर कॅल्शियम तीन चतुर्थांश घेरात, अर्ध्या मिलिमीटरहून जाड. नुसत्या फुग्याला हे दाद देणार नव्हतं. लहरींच्या धक्क्यांनी कॅल्शियम फोडणाऱ्या लिथोट्रिप्सीच्या फुग्याने आधी ते तडकवलं आणि पुन्हा पाहिलं. कड्यात काळ्या भेगा स्पष्ट दिसल्या. मग स्टेंट बसवला, आणि तिसऱ्यांदा पाहून तो पूर्ण फुलल्याची खात्री केली. काका जागेच होते. पडद्याकडे बघून म्हणाले, “साहेब, हा डाग तर पोटातला. वरून आयग्लास लावून सापडला नसता.”

पुरावाही आता भक्कम आहे. 2023 साली कोरियातल्या गुंतागुंतीचे अडथळे असलेल्या 1,639 रुग्णांच्या चाचणीत आतून पाहून स्टेंट बसवलेल्यांपैकी 7.7 टक्क्यांना हृदयविकाराने मृत्यू, झटका किंवा त्याच वाहिनीवर पुन्हा उपचार, यांपैकी काही ना काही भोगावं लागलं. फक्त अँजिओग्राफीवर केलेल्यांत हेच प्रमाण 12.3 टक्के. त्याच वर्षी 2,008 रुग्णांत ओसीटी आणि आयव्हस समोरासमोर आल्या, आणि वर्षअखेर ओसीटी आयव्हसपेक्षा कमी ठरली नाही. इल्युमियन-4 या चाचणीत नुसत्या अँजिओग्राफीपेक्षा ओसीटीमुळे स्टेंट जास्त फुलले, पण दोन वर्षांत एकूण त्रासात ठोस फरक दिसला नाही. म्हणून सरसकट प्रत्येकाला हे करा, असं मी म्हणणार नाही. लांब अडथळा, दुफाट्याची जागा, डावी मुख्य धमनी, भरपूर कॅल्शियम, इथे मात्र न पाहता स्टेंट बसवू नये. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेही 2024 साली अशा रुग्णांसाठी याला सर्वोच्च दर्जाची शिफारस दिली.

अडचण खर्चाची. 2017 च्या फेब्रुवारीत सरकारने औषध सोडणाऱ्या स्टेंटच्या किमतीला 29,600 रुपयांची मर्यादा घातली, तेव्हा इथल्या कितीतरी घरांना दिलासा मिळाला. पण आतून पाहायच्या कॅथेटरचे पैसे वेगळे पडतात, आणि नातेवाईक साहजिकच विचारतात, “याची खरंच गरज आहे का?” गुंतागुंतीच्या केसमध्ये हा खर्च सरकारी आरोग्य योजनेत आणि विम्यात धरलाच पाहिजे.

तोवर तुम्ही एवढं करा. घरातल्या कुणाला स्टेंट सांगितला, तर कोणत्या कंपनीचा, एवढंच विचारून थांबू नका. “डॉक्टर, आतून बघणार का? नाही, तर का नाही?” हेही विचारा. आम्हाला उत्तर देता आलं पाहिजे. काका आता पुन्हा घंटीवर बसतात. रफ हातात घेतला की आधी आत बघतात. मीही आता तेच करतो.